इष्ट धरा, अपूर्णांक पळवा

बऱ्याच जणांचं गणिताशी भांडण सुरू होतं ते अपूर्णांकांपाशी. साधी समीकरणं पटापट सोडवणारा मुलगाही क्ष/३ + क्ष/५ दिसलं की दचकतो. मग त्याला "लसावि काढ आणि सगळ्याला गुण" एवढं सांगितलं जातं. का, ते कोणी सांगत नाही. आणि हा 'का' तर साडेतीन हजार वर्षं जुना आहे!

इ.स.पू. १५५० च्या सुमारास आहमोस नावाच्या इजिप्शियन लेखनिकाने एका जुन्या ग्रंथाची पपायरसवर नक्कल केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातलं २४ वं गणित असं: एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९, तर राशी किती? आहमोसकडे 'क्ष' वगैरे नव्हता. गडी सरळ ७ धरतो. ७ आणि त्याचा सातवा भाग १, झाले ८. हवेत १९. म्हणून ७ ला १९/८ ने गुणायचं. उत्तर १६ ५/८. सातच का? सातवा भाग पूर्णांकात निघतो म्हणून.

आपल्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ.स. ११५०) हीच रीत 'इष्टकर्म' म्हणून दिली आहे. त्यातलं एक उदाहरण: कमळांपैकी १/३ शंकराला, १/५ विष्णूला, १/६ सूर्याला, १/४ देवीला वाहिली. उरलेली ६ गुरूंना. एकूण किती?

इष्ट ६० धरू. वाटली २० + १२ + १० + १५ = ५७, उरली ३. हवीत ६, म्हणजे दुप्पट. उत्तर १२०. क्ष लागलाच नाही!

आता शाळेची रीत बघा. समीकरणाला ६० ने गुणलं की राहतं ३क्ष = ३६०. तोच ६०, तोच ३. लसावि म्हणजे विचारपूर्वक धरलेलं इष्ट, बाकी काही नाही.

अर्थात एक मेख आहे. राशी दुप्पट केली की उत्तरही दुप्पट होत असेल तरच हे चालतं. मध्येच "आणखी ५ कमळं" आली की एका इष्टाने भागत नाही, दोनदा धरावं लागतं. क्ष तिथे खरा कामाला येतो.

बाकी आम्ही प्रोग्रॅमर मंडळी रुपयांचे दशांश टाळून हिशोब पैशांत ठेवतो, ते तरी वेगळं काय? एकक लहान करा, अपूर्णांक गायब.

असो. चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. तिथल्या पोरांनीही ही कमळं मोजली असतीलच की!