मागे सरकणारी केशरेषा आणि पुरुषांची लांब केशरचना

कपाळावरील केस विरळ होऊ लागले की अनेक पुरुष उरलेले केस वाढवून मागे घट्ट बांधतात. मात्र केसांच्या मुळांवर सतत पडणारा ताण हेही केशगळतीचे एक कारण आहे. त्यामुळे लांब केसांची रचना हा केवळ रूपाचा प्रश्न उरत नाही.

परंपरा

पुरुषांचे लांब केस ही भारतात नवी गोष्ट नाही. पेशवाईत डोक्याचा पुढील भाग भादरून मागे शेंडी व घेरा राखण्याची रीत होती. कपाळ मुळातच मोकळे असल्याने केशरेषा मागे सरकल्याचे फारसे जाणवत नसे. शीख परंपरेत केस न कापणे हे पाच ककारांपैकी एक आहे. दिल्लीतील आर. के. पुरम या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत देशाच्या विविध प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. तेथे पगडीखालील जुडा आणि तरुणांची आधुनिक पोनी, अशी लांब केसांची दोन्ही रूपे दिसतात.

कारणे

केशरेषा मागे सरकण्याचे सर्वांत मोठे कारण आनुवंशिक आहे. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे केसांची मुळे आक्रसतात व केस बारीक होत जातात. प्रारंभ बहुधा कानशिलांच्या वरील कोपऱ्यांतून होतो. जेम्स हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये या टकलाचे वर्गीकरण केले. 1975 मध्ये ओटार नॉरवूड यांनी ते सुधारले. त्यात 7 प्रमुख टप्पे आहेत.

दुसरे कारण ताणाचे. ग्रीनलंडमधील स्त्रियांमध्ये घट्ट बांधलेल्या केसांमुळे पडणाऱ्या टकलाचे वर्णन 1907 मध्ये नोंदवले गेले. डोक्यावर घट्ट जुडा बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्येही हा विकार आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. केसांवर जेथे सर्वाधिक ताण पडतो, त्या कडेला गळती दिसते. बांधल्यावर दुखणे, मुळांशी बारीक पुटकुळ्या येणे ही पूर्वलक्षणे होत. वेळीच ताण थांबविल्यास केस पुन्हा येऊ शकतात; वर्षानुवर्षे ताण राहिल्यास मुळे कायमची नष्ट होतात.

योग्य रचना

केशरेषा थोडीच मागे गेली असल्यास खांद्यापर्यंतची लांबी सोयीची ठरते. फार लांब केस स्वतःच्या वजनाने चपटे बसतात व कानशिले अधिक उघडी दिसतात. निरनिराळ्या लांबीचे थर कापल्यास केस भरगच्च वाटतात. अगदी मधोमध काढलेल्या भांगामुळे दोन्ही कोपरे ठळक होतात. बाजूचा, किंचित तिरका भांग त्यापेक्षा बरा. पुढील केस मोकळे सोडून मागे सैल अंबाडा बांधता येतो. त्यासाठी कापडी बंध वापरावा, बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी आणि रात्री केस मोकळे ठेवावेत. ओले केस बांधू नयेत. पगडी बांधणाऱ्यांनी जुडा सैल ठेवणे हितावह असते.

एका बाजूचे केस टकलावरून दुसरीकडे ओढून घेण्याची पद्धत मात्र वाऱ्याच्या झुळकीसरशी फसते. टाळूही विरळ झाली असल्यास आखूड केस अधिक शोभून दिसतात.

उपचार

मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावण्याचे औषध अमेरिकेत 1988 मध्ये, तर फिनास्टेराइडची गोळी 1997 मध्ये पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाली. दोन्ही औषधांचा उपयोग ती चालू असेपर्यंतच टिकतो. फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांना लैंगिक स्वरूपाचे दुष्परिणाम जाणवतात. त्यामुळे वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती घेऊ नये.

केशरोपण ही शस्त्रक्रिया आहे. ती प्रशिक्षित व नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांनीच करावी, अशा मार्गदर्शक सूचना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये दिल्या. शस्त्रक्रिया करणाऱ्याची पात्रता आधी तपासून घेणे, हे रुग्णाच्या जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक मानले जाते. मात्र केस अचानक पुंजक्याने गळू लागल्यास, किंवा टाळूला खाज, वेदना वा व्रण असल्यास रचना बदलून भागत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक ठरते.