बडोद्याचे पाणी आणि बडोद्यातील निवारा

माणसाच्या आरोग्यावर व विकासावर परिसराचा परिणाम होतो, हे शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. मात्र परिसर म्हणजे हवा, पाणी व स्वच्छता एवढाच अर्थ तेथे सहसा अभिप्रेत असतो. बडोदे संस्थानाचा इतिहास पाहता हा अर्थ अपुरा ठरतो.

सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात शहराचा परिसर जाणीवपूर्वक घडविला गेला. १८७९ मध्ये विश्वामित्रीकाठची कमाटी बाग लोकांसाठी खुली झाली. १८९२ पासून आजवा तलावाचे पाणी नळांनी शहरात आले. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. अंत्यजांच्या शाळा तर १८८० च्या दशकातच निघाल्या होत्या. तेथे शिकविण्यास सवर्ण शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. इतिहासलेखनाने या शिक्षकांची पुरेशी दखल घेतलेली नाही.

संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार १९१७ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. राहण्यास जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी त्या जागेचे वर्णन केले आहे. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, मोडक्या खुर्च्या व फळकुटांनी भरलेला दिवाणखाना, वटवाघळांचा चिवचिवाट, विजेचे दिवे नाहीत, सोबतीला माणूस नाही. मुंबईहून आलेला भाचा मामाची ही अवस्था पाहून मोठ्याने रडू लागला, तेव्हा त्याला लगेच परत पाठवावे लागले. या वर्णनातील एक तपशील लक्षणीय आहे: खोलीला लागून नळ असलेली न्हाणी होती. पाणी पोहोचले होते. अभाव होता तो माणसाला माणूस म्हणून सामावून घेणाऱ्या शेजाराचा.

अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. एक हिंदू व एक ख्रिस्ती असे दोन स्नेही होते. दोघांकडेही आसरा मिळाला नाही. म्हणजे हा दोष एका जमातीपुरता नव्हता. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ च्या अहवालात राहणीमान व सामाजिक विषमता यांना आरोग्याचे निर्धारक मानले. बडोद्याला त्याची किंमत फार आधीच मोजावी लागली. ज्या विद्वानाच्या शिक्षणावर संस्थानाने खर्च केला, तो १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाला.