नाइलाजाचा शिरस्ता

इंग्लंडातील ओसीआर नावाच्या परीक्षा-मंडळाने 2008 साली माध्यम-अभ्यास या विषयासाठी प्रात्यक्षिकाचा जो मसुदा मुक्रर केला, त्यात सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना एक मोठे चमत्कारिक काम नेमून दिलेले होते. प्रथम सरावासाठी आपल्या शाळेच्या वा महाविद्यालयाच्या नियतकालिकाचे मुखपृष्ठ, एका विद्यार्थ्याच्या छायाचित्रासह, संगणकावर जुळवावे. आणि मग खऱ्या गुणांसाठी, जे जगात कोठेही निघत नाही अशा एका संगीत-मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व एक जोडपान सिद्ध करावे. मजकूर सारा स्वतःचा असावा, छायाचित्रे किमान चार असावीत व तीही स्वतःच टिपलेली असावीत. एवढे झाल्यावर सात प्रश्नांची कैफियत लिहून द्यायची, आणि तिच्यातला पहिलाच प्रश्न असा की, तुमच्या कृतीने रूढ संकेत कोठे पाळले, कोठे पुढे नेले आणि कोठे मोडले. संगीताचा प्रकार निवडण्याची मुभा होती. पण रॉककडे वळणारी मुले थोडी नव्हती, आणि ते साहजिकही होते, कारण गिटार बाळगणारा एखादा मित्र, थोरल्या भावाचे चामडी जाकीट आणि शाळेमागची पोपडे उडालेली भिंत एवढ्या भांडवलावर ते काम तडीस जाण्यासारखे होते.

या फर्मानाकडे पाहिले म्हणजे इतिहासाची आवड असलेल्या माणसाला हसू आल्यावाचून राहत नाही. ज्या गोष्टी ‘संकेत’ म्हणून या मुलांकडून घोकून घेतल्या जात, त्यांतील निम्म्याअधिक गोष्टी मुळात कोणाच्या तरी दारिद्र्यातून, घाईतून किंवा निव्वळ अडाणीपणातून जन्मास आलेल्या होत्या. आणि ज्यांनी त्या जन्मास घातल्या, ते स्वतःही बहुधा विद्यार्थीच, किंवा नुकतेच विद्यार्थिदशेतून पळ काढलेले असे होते.

1966 सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातल्या स्वार्थमोर महाविद्यालयात पहिल्या वर्षात शिकणाऱ्या पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या मुलाने ‘क्रॉडॅडी’ या नावाचे दहा पानी पत्रक सायक्लोस्टाइलवर काढले आणि त्याच्या पाचशे प्रती केल्या. मुलाला मूळचा नाद विज्ञानकथांचा, आणि त्या कथांचे चाहते आपापसांत जी हौशी पत्रके फिरवीत, त्यांचे तंत्र त्याला लहानपणीच अवगत झालेले. तेच तंत्र त्याने रॉकच्या ध्वनिमुद्रिकांना लावले, इतकेच. त्याच्या आधी संगीताची पत्रे नव्हती असे नाही. लंडनचे ‘मेलडी मेकर’ 1926 पासून निघत होते आणि ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ने 1952 सालीच खपाची क्रमवारी छापण्यास प्रारंभ केला होता, परंतु कोणती तबकडी कितव्या क्रमांकावर, कोणत्या गायकाचे कोणाशी सूत जमले, या वार्तांपलीकडे जाऊन या गाण्यांवर साहित्यकृतीवर लिहावे तसे गंभीरपणे लिहिता येईल, हा विचार एका महाविद्यालयीन पोराला प्रथम सुचला. या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर चित्र नव्हतेच. संपादकाने आपला मनोदयच तेथे टंकलिखित करून टाकला होता. ओसीआरच्या परीक्षकाने त्या पानाला गुण किती दिले असते, याची कल्पना करून पाहावी! आणि तरीही, आपल्यावरचे परीक्षण वाचून गायक पॉल सायमनने त्या मुलाला वसतिगृहात दूरध्वनी केला होता.

सायक्लोस्टाइलचे यंत्र, मेणकागद आणि बोटांना लागलेली शाई ही सामग्री मराठी वाचकाला परकी नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 1954 साली ‘शब्द’ काढले, तेही सायक्लोस्टाइलवरच. दोहोंचा परस्परांशी काडीइतका संबंध नव्हता. पण छापखान्याची पायरी चढण्याची ऐपत नाही म्हणून गप्प बसावयाचे नाही, हा ऐन तारुण्यातला हट्ट मुंबईत आणि पेनसिल्व्हेनियात एकाच यंत्राच्या आश्रयाने वाढला, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. बर्कली विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट टाकलेला यान वेनर हा एकवीस वर्षांचा तरुण आणि जॅझचा ज्येष्ठ समीक्षक राल्फ ग्लीसन या दोघांनी 9 नोव्हेंबर 1967 या तारखेचा ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोत एका छापखान्याच्या माळ्यावरून काढला. वेनरची उमेदवारी झाली होती ती विद्यापीठाच्या विद्यार्थी-दैनिकात टोपणनावाने सदर लिहिण्यात. भांडवल होते आप्तेष्टांकडून उसने घेतलेले साडेसात हजार डॉलर. आता या पत्राच्या रूपाविषयी पुढे केवढे पांडित्य झाले! पण मूळ हकीकत अशी की, वेनर ज्या ‘संडे रॅम्पार्ट्स’ या साप्ताहिकात नोकरीस होता ते बंद पडले, आणि त्याचाच सांगाडा, पानाभोवतीच्या एक जाड व एक बारीक अशा जोडरेघांसकट, नव्या पत्राने सहीसही उचलला. कागद वर्तमानपत्री, कारण तो स्वस्त. घडी आडवी-उभी घातलेली, कारण मोठे पान तसेच विकावयाचे होते. नावाची जी वळणदार अक्षरे आज जग ओळखते, ती भित्तिपत्रकांचा चित्रकार रिक ग्रिफिन याने काढलेला केवळ कच्चा आराखडा होता; तो पक्का करण्यास त्याला सवड मिळण्यापूर्वीच संपादकाने तो उचलून छापून टाकला. मुखपृष्ठावर शिरस्त्राण घातलेला जॉन लेनन होता, तोही एका चित्रपटातील प्रसिद्धीचे तयार छायाचित्र हाताशी होते म्हणून. पहिल्या अंकाच्या सुमारे 40,000 प्रती काढल्या होत्या. त्यांतल्या सुमारे 34,000 परत आल्या. पुढे चाळीस वर्षांनी इंग्लंडातील पोरे वर्गात बसून याच नावाच्या अक्षरवळणाचे ‘अर्थनिर्णयन’ करीत होती.

दारिद्र्याने उघडउघड आपला झेंडा रोवला तो मात्र लंडनमध्ये, 1976 च्या जुलैत. मार्क पेरी हा एकोणीस वर्षांचा बँकेतला कारकून. रामोन्स या मंडळीच्या गाण्याने भारावून त्याने ‘स्निफिन ग्लू’ हे पत्रक काढले. लहान मुलांसाठी असलेल्या टंकलेखन यंत्रावर मजकूर बडवायचा, मथळे जाड शाईच्या पेनाने हाताने खरडायचे, चुकलेला शब्द पुसायचा नाही, सरळ खोडायचा, आणि पाने छायाप्रतीच्या यंत्रातून काढून कोपऱ्यात टाचणी मारायची. पहिल्या खेपेला प्रती निघाल्या जेमतेम पन्नास. वर्षभरात मागणी हजारोंवर गेली, तेव्हा 1977 मध्ये, बारा अंक झाल्यावर, पेरीने ते स्वतःच बंद केले. वाचकांनी हे वाचीत बसण्यापेक्षा आपापली पत्रके काढावीत, असे त्याचे सांगणे होते. गिटारचे तीन स्वरमेळ काढून दाखवून, आता आपली मंडळी जमवा, असे बजावणारे जे चित्र पुष्कळांच्या तोंडी ‘स्निफिन ग्लू’च्या नावावर जमा आहे, ते वस्तुतः ‘साइडबर्न्स’ या दुसऱ्याच पत्रकातले. कीर्तीचे खाते असे नेहमीच मोठ्याच्या नावे चढते. फाटके कागद, वेडीवाकडी अक्षरे आणि काळ्याभोर छायाप्रतीचा खरखरीतपणा हा पेरीचा निरुपाय होता. हीच खरखर आता संगणकात मुद्दाम चढवावी लागते, आणि ती चढवण्यासाठी तयार अक्षरवळणे विकत मिळतात.

यानंतर धंदेवाईक मंडळींनी हे सारे आपल्या दप्तरी दाखल करून घेतले. ‘साउंड्स’ या साप्ताहिकाने 1981 च्या जूनमध्ये एक पुरवणी काढली, तिचे नाव ‘केरँग’, म्हणजे विजेच्या गिटारवर जोराने हात मारल्याचा नाद; तिच्या मुखपृष्ठावर गिटारवादक अँगस यंग होता, आणि पुरवणीचे पुढे स्वतंत्र पत्र झाले. इंग्लंडातील परीक्षार्थींचे हेच मुख्य पाठ्यपुस्तक ठरले. नाव शिरोभागी का, तर दुकानाच्या मांडणीत अंक एकावर एक तिरके ठेवलेले असतात आणि वरचा व डावीकडचा भाग तेवढा डोळ्यांस दिसतो. नावावर गायकाचे डोके चढू द्यावयाचे ते का, तर ज्याचे नाव अर्धे झाकले तरी गिऱ्हाईक ओळखते त्यालाच ती चैन परवडते. ज्या मासिकाचा एकही अंक अद्याप निघालेला नाही त्याच्या नावावर डोके चढवणारा विद्यार्थी, हे कारण न समजता, पूर्ण गुण घेऊन जाई.

संकेत मोडण्याचा अतिरेक पाहावयाचा तर तो अमेरिकेतील ‘रे गन’ या 1992 साली सुरू झालेल्या मासिकात. त्याचा मांडणीकार डेव्हिड कार्सन. त्याला गायक ब्रायन फेरीची एक मुलाखत नीरस वाटली, म्हणून 1994 मध्ये त्याने ती संपूर्णच्या संपूर्ण अक्षरांऐवजी चिन्हांच्या खिळ्यांत लावून टाकली. वाचता येणारी प्रत अंकाच्या शेवटी दिली होती खरी. पण हे धाडस परीक्षार्थीने केले असते, तर कैफियतीतील सातही प्रश्न त्याला तारू शकले नसते.

आपल्याकडे ही परंपरा परीक्षेवाचून आली, हे मला भाग्याचे वाटते. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात महाविद्यालयीन तरुण रॉक ऐकण्यास दाटीवाटीने जमत असत. पण त्या गाण्यांना टिकाऊ असे मासिक मिळाले ते मुंबईत नव्हे, तर 1993 साली अलाहाबादेत, ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ या नावाने. ते काढणारे अमित सैगल स्वतः वादक, आणि गावोगावच्या महाविद्यालयांतून विखुरलेल्या, एकमेकांच्या अस्तित्वाचीही वार्ता नसलेल्या मंडळींना या मासिकाने प्रथम एकमेकांचे पत्ते कळवले. पुढे दिल्लीस बिऱ्हाड हलले, महोत्सव निघाले. आणि 2012 च्या जानेवारीत सैगल यांचा अंत गोव्याच्या समुद्रात झाला.

ज्यांच्यावरून इंग्लंडातील मुले पाने बेतीत, त्या पत्रांपैकी ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’चा छापील साप्ताहिक अंक 2018 च्या मार्चमध्ये थांबला आणि ‘क्यू’ 2020 च्या जुलैत मिटले. त्यांचे जुने अंक ग्रंथालयांत आहेत. पण परीक्षेसाठी बेतलेली ती हजारो तीन-तीन पाने, आणि आपल्याकडील रंगभवनच्या दिवसांतली हातपत्रके, सायक्लोस्टाइलचे कागद, महाविद्यालयीन अंकांतल्या गिटारवाल्यांच्या ओबडधोबड मुलाखती, यांना बहुधा कोठल्याही दप्तरखान्यात जागा नाही. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असले काही असेल, तर ते रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी या लेखकाला एक पत्र अवश्य टाकावे.