पिठाची गुठळी आणि दम्याचा श्वास

छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) गेलेली शाळेची सहल पाणचक्की पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात अठराव्या शतकात उभारलेल्या या चक्कीवर, डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकीर-यात्रेकरूंसाठी दळण होई. धान्याचे पीठ करणे माणसाला असे फार पूर्वीच साधले होते. परंतु अतिबारीक कण एकमेकांपासून सुटे करणे किती अवघड आहे, हे विसाव्या शतकात दम्याच्या औषधाने शिकवले.

कागदावर रवा व मैदा ठेवून हळूच फुंकर मारून पाहा. रव्याचे दाणे सुटे उडतात. मैदा चिकटून राहतो किंवा गुठळ्यांनी निघतो. असे का व्हावे? कणाचा व्यास दहापट कमी केला तर त्याचे वजन हजारपट घटते आणि हवेच्या झोताचे त्याच्यावरील बल ढोबळमानाने शंभरपट घटते. कणांना जोडून ठेवणारे व्हॅन डर वाल्स बल मात्र साधारण दहापटच कमी होते. म्हणजे कण जितका लहान, तितकी चिकटण्याची सरशी.

फुप्फुसात खोलवर पोहोचण्यासाठी औषधाचे कण १ ते ५ मायक्रोमीटरचे लागतात. मोठे कण घशातच अडकतात. पण एवढी बारीक पूड गुठळ्या धरणारच! डॉ. रॉजर अल्टूनियन (१९२२–१९८७) यांनी या अडचणीवर उपाय शोधला. ते स्वतः दम्याचे रुग्ण होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी वैमानिक म्हणून काम केले होते. नव्या औषधांचे प्रयोगही ते स्वतःवरच करीत. फायसन्स कंपनीच्या 'स्पिनहेलर'मध्ये औषधाची कॅप्सूल विमानाच्या पंख्यासारख्या चिमुकल्या पंख्यावर बसवलेली असे. रुग्णाने श्वास ओढला की पंखा गरगरे आणि टोचलेल्या कॅप्सूलमधून पूड बाहेर पडे. औषधात दुग्धशर्करेचे मोठे कण मिसळलेले असत. औषधाचे बारीक कण अशा मोठ्या कणांवर बसून निघतात आणि वाटेत हवेच्या झोताने सुटतात.

१९७७ मध्ये ग्लॅक्सोचा 'रोटाहेलर' आला. भारतात हे नाव परिचित झाले ते मुख्यतः १९३५ साली मुंबईत स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीमुळे. ओझोन थर वाचवण्यासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला. फवाऱ्याच्या इनहेलरमधील क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंवर त्यामुळे निर्बंध येऊ लागले, आणि वायूविना चालणाऱ्या पुडीच्या उपकरणांचे महत्त्व आणखी वाढले.

या उपकरणांत गुठळी तीन प्रकारे फुटते: हवेच्या ओढीने, प्रवाहातील भोवऱ्यांनी आणि जाळीवर किंवा भिंतीवर आदळून. तिन्हींसाठी लागणारी ऊर्जा रुग्णाच्या श्वासातूनच येते. खरी अडचण येथेच आहे. ज्याला श्वास अपुरा पडतो, त्यानेच जोराने श्वास ओढायचा! म्हणून अगदी लहान मुलांना, तसेच दम्याचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाला, डॉक्टर सहसा दुसरी साधने देतात.

आपल्या वर्गात असे उपकरण वापरणारा विद्यार्थी असू शकेल. त्याने श्वास जोराने आणि दीर्घ ओढावा; उपकरणात फुंकर मात्र कधीही मारू नये. उच्छ्वासातील ओलाव्याने पुडीच्या गुठळ्या अधिक घट्ट होतात, आणि मग कितीही ओढले तरी औषध घशापलीकडे फारसे जात नाही.