तुरुंगांतून सांगितलेलें वर्तमान

सकाळीं वर्तमानपत्र दारांत पडतें आणि घरांतील वडील मंडळी तें पानापानानें वाटून घेतात. एखाद्या लढाईची, दंग्याची किंवा खुनाची बातमी मोठ्यानें वाचली जाते, तिच्यावर दोन-चार शेरे होतात, आणि मग कोणाच्या तरी लक्षांत येतें कीं, दप्तर भरतां भरतां एक लहान मूल सगळें ऐकत उभें आहे. त्यानें कांहीं विचारलेंच, तर "तूं आपल्या अभ्यासाचें बघ" हें उत्तर ठरलेलें असतें. तें प्रेमापोटींच दिलें जातें, यांत संशय नाहीं. परंतु त्यांत थोडी सोयही असते. 'लढाई कां होते?' या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां बापालाही येत नसतें.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत एका बापानें ही सोय नाकारली. तो स्वतः बराच काळ तुरुंगांत होता आणि त्याची मुलगी त्यांपैकीं कांहीं काळ आपल्या पुण्यांत शिकत होती. जवाहरलाल नेहरू यांनीं कन्या इंदिरा हिला उद्देशून लिहिलेलीं १९६ पत्रें 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' या नांवानें १९३४ सालीं अलाहाबादेहून प्रसिद्ध झालीं. त्यांची गणना इतिहासग्रंथांत होते आणि ती वाजवीच आहे. पण त्यांच्या अखेरच्या भागांतील मजकूर लिहितेवेळीं इतिहास झालेला नव्हता. ती त्या महिन्याची, कित्येक ठिकाणीं त्या आठवड्याची बातमी होती. आम्हांस येथें या बातमीदार बापाविषयींच लिहावयाचें आहे.

नेहरूंनीं मुलीला पत्रांतून शिकविण्याचा पहिला प्रयोग १९२८ च्या उन्हाळ्यांत केला होता. दहा वर्षांची इंदिरा मसुरीस होती, वडील खालीं अलाहाबादेस होते. एकत्र असतांना ती प्रश्न विचारी. दूर असतांना त्यांचीं उत्तरें पत्रांनीं जाऊं लागलीं. पृथ्वी कशी झाली, पहिले प्राणी कोणते, माणूस बोलावयास कसा शिकला, राजे कोठून आले, असे त्या पत्रांचे विषय आहेत. त्यांत चालूं काळ जवळजवळ नाहींच. दगडगोट्यांविषयीं लिहिण्यांत कोणालाही धोका नसतो.

परंतु आनंदभवनांतील मुलीला बातमी कळण्यास वर्तमानपत्राची गरज कोठें होती? ती चार वर्षांची असतांना, १९२१ च्या डिसेंबरांत, आजोबा व वडील दोघेही एकाच दिवशीं पकडले गेले. दंड भरावयाचा नाहीं, असा त्यांचा बाणा; म्हणून पोलीस येत आणि वसुलीदाखल घरांतील सामान उचलून नेत. १९३० च्या कायदेभंगांत ती अलाहाबादच्या वानरसेनेंत कामें करीत होती. अशा मुलीला 'अभ्यासाचें बघ' म्हणून सांगण्यांत कांहीं अर्थच उरला नव्हता.

२६ ऑक्टोबर १९३० हा तिथीनें तिचा तेरावा वाढदिवस. नैनीच्या तुरुंगांतून भेट काय पाठविणार? नेहरूंनीं पत्र लिहिलें आणि पहिल्याच पत्रांत ते थेट वर्तमानावर आले. तूं जन्मलीस त्या १९१७ सालीं रशियांत मोठी क्रांति झाली आणि आज तुझ्या डोळ्यांदेखत आपल्या देशांत दुसरी घडत आहे, असें त्यांनीं तिला सांगितलें. काय बरोबर व काय चूक, याचा संभ्रम पडेल तेव्हां जें लपवावेंसें वाटेल तें करूं नये, एवढीच कसोटी त्यांनीं दिली.

खरी परीक्षा दोन महिन्यांनीं आली. १९३१ च्या पहिल्या जानेवारीस कमला नेहरूंना अटक झाली. आई-बाप दोघेही तुरुंगांत आणि मुलगी घरीं, ही बातमी तिला कशी सांगावी? त्याच दिवशीं लिहिलेल्या पत्रांत नेहरूंनीं आपला अभिमान लपविला नाहीं; ही आपल्याला मिळालेली नववर्षाची भेटच आहे, असें ते म्हणतात. आई समाधानांत असेल, पण तूं मात्र एकटी पडली असशील, हेंही त्यांनीं तितक्याच सरळपणें लिहिलें. यांतील पहिलें वाक्य लिहिणारे देशभक्त त्या काळीं पुष्कळ होते. दुसरें लिहिणारे थोडे असावेत, असा आमचा तर्क आहे.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर वाचकाची गैरसमजूत होईल. हीं पत्रें लिहिलीं जात त्या दिवसांत बहुतेक टपालांत पडलींच नाहींत. तुरुंगाच्या नियमानें कैद्याला ठराविक मुदतीनें ठराविक पत्रेंच पाठवितां येत. तेव्हां हे कागद सांठत जात आणि सुटकेनंतर एकदम हातीं देण्याचा बेत होता. मध्यंतरीं सुटका झाली, मोतीलालजी वारले आणि लेखन जवळजवळ थांबलें. पुन्हां तुरुंग आला तेव्हां, १९३२ च्या मार्चअखेरीस, तें नेटानें सुरू झालें आणि बरेली व देहरादून येथें चालूं राहिलें. जवळ ग्रंथालय नव्हतें. पूर्वीं वाचलेल्या पुस्तकांवरून काढलेल्या टिपणांच्या वह्या आणि एच. जी. वेल्स यांच्या जगाच्या इतिहासासारखीं थोडीं पुस्तकें, एवढीच शिदोरी होती.

इकडे मुलगी पुण्यास, वकील या पारशी दांपत्यानें चालविलेल्या 'प्युपिल्स ओन स्कूल' या शाळेंत होती. सप्टेंबर १९३२ मध्यें महात्मा गांधींनीं येरवड्यास उपोषण आरंभिलें. २४ तारखेस पुणें-करार झाला, २६ ला उपोषण सुटलें. त्या दिवसांत इंदिरा आपल्या आत्याच्या मुलींसह त्यांना भेटली, आणि इंदु आनंदांत दिसली, अंगानेंही भरली आहे, असें महात्माजींनीं तिच्या वडिलांना तारेनें कळविलें. जगाचा इतिहास सांगणारा बाप देहरादूनच्या भिंतींआड बसून तारेची वाट पाहत होता, आणि त्या इतिहासांतील एक प्रकरण चौदा वर्षांच्या मुलीच्या वसतिगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडत होतें!

आतां १९३३ च्या उन्हाळ्याकडे येऊं. ग्रीस-रोम, मोगल, फ्रान्सची राज्यक्रांति हें सारें मागें पडलें आहे आणि लेखणी चालूं काळाला येऊन भिडली आहे. जगभर मंदी आहे. लंडनची अर्थपरिषद नुकतीच फसली आहे. जिनीव्हाची निःशस्त्रीकरण परिषद दीड वर्ष बोलतेंच आहे. जर्मनींत ३० जानेवारीस हिटलर प्रधान झाला आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला हें कसें सांगावयाचें?

एका पत्राला नेहरूंनीं 'डॉलर, पौंड आणि रुपया' असें नांव दिलें आहे. हुंडणावळ हा विषय मोठ्यांनाही झोप आणणारा. पण इंग्लंडनें सप्टेंबर १९३१ मध्यें सुवर्णमान सोडला, रुपया पौंडाला बांधलेलाच राहिला, त्यामुळें सोन्याचा रुपयांतील भाव चढला आणि मंदीनें गांजलेल्या कुळवाड्यानें सारा व व्याज भागविण्यासाठीं बायकोच्या अंगावरील डाग मोडून तें सोनें बाजारांत आणलें. तेथून तें लंडनला गेलें, ही सांखळी त्यांत उलगडली आहे. दूरच्या पेढींतील निर्णय आणि खेड्यांतील मोडलेली पाटली यांच्यामधला धागा एकदां हातीं आला, म्हणजे मूल पुढची बातमी आपली आपण वाचूं लागतें.

जर्मनीचेंही तसेंच. हिटलर हा कोणी राक्षस अकस्मात् उपटला, असें तेथें सांगितलेलें नाहीं. व्हर्सायचा तह, १९२३ मध्यें मातीमोल झालेलें नाणें, लाखों बेकार आणि समाजवादाला भ्यालेले धनिक या पायऱ्यांनीं मुलीला त्या सत्तेपर्यंत नेलें आहे. ज्यूंचा छळ मात्र छळ म्हणूनच सांगितला आहे. कारणें समजावून देतांना दोषाची धार त्यांनीं बोथट होऊं दिली नाहीं. आपण अमुक बाजूचे आहोंत, हें ते झांकीत नाहींत. ८ ऑगस्टचें पत्र युद्धाच्या सांवटाविषयीं आहे, ९ ऑगस्टचें शेवटचें. महिनाअखेर ते सुटले.

इतकें वाचल्यावर हा बाप कोठें चुकला, हेंही सांगणें भाग आहे. सोव्हिएट रशियाच्या पंचवार्षिक योजनेविषयीं तो ज्या ओढीनें लिहितो ती आज वाचवत नाहीं. तेथील अन्नटंचाईचा उल्लेख त्यांत आहे. पण १९३२-३३ मध्यें युक्रेनांत लक्षावधी माणसें भुकेनें मरत होतीं, त्या भयंकराची कल्पना त्या पानांवरून येत नाहीं. ज्या देशावर आपला जीव जडला आहे त्या देशाची बातमी माणूस हलक्या हातानें चाळतो, हाच याचा अर्थ.

दुसरी चूक आपल्या घरची. १९३४ च्या आवृत्तींत शिवाजी महाराजांची थोरवी मान्य करूनही अफझलखानाच्या वधामुळें ते आपल्या नजरेंत उतरतात, अशा आशयाचा मजकूर होता. ग्रँट डफपासून इंग्रजी पुस्तकांतून चालत आलेला हा सूर; त्याचा समाचार नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं एकोणिसाव्या शतकांतच घेतला होता. महाराष्ट्रांत अर्थातच निषेध झाला. नेहरूंनीं चूक कबूल केली आणि पुढील आवृत्तींत तो मजकूर बदलला. कांहींना ही माघार मतांच्या भीतीची वाटली. आम्हांस तसें वाटत नाहीं, पण एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. तें पत्र लिहिल्याबरोबर पुण्यास पोंचलें असतें आणि मुलीनें शाळेंतील एखाद्या मराठी मैत्रिणीच्या घरीं तें वाचून दाखविलें असतें, तर दुसरी बाजू तिला त्याच संध्याकाळीं ऐकावयास मिळाली असती, आणि पुढच्या टपालानें बापालाही! पत्रें न गेल्यामुळें प्रश्नही परत आले नाहींत. तीन वर्षें एकच माणूस बोलत राहिला. 'तुला कंटाळा येत असेल' असें तो मधून मधून स्वतःच म्हणतो, त्यांत विनयापेक्षां समोर कोणी नसल्याची खंतच अधिक ऐकूं येते.

१९३८ सालीं ग्रंथाची नवी आवृत्ति निघावयाची होती. पांच वर्षांत अबिसीनिया गिळला गेला होता, स्पेन जळत होता, जपाननें चीनवर स्वारी केली होती, आणि म्यूनिकच्या करारानें चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरला दिला होता. त्या उन्हाळ्यांत नेहरू बार्सिलोनास व प्रागला स्वतः जाऊन आले होते. आतां वहींतील टिपणांची जरूर नव्हती. परतीच्या प्रवासांत, १४ नोव्हेंबर १९३८ रोजीं, आपल्या एकोणपन्नासाव्या वाढदिवशीं, अरबी समुद्रावर त्यांनीं या घडामोडींची पुरवणी लिहून ग्रंथाला जोडली. जिच्यासाठीं हें सारें आरंभिलें होतें ती मुलगी त्याच प्रवासांत वडिलांबरोबर मुंबईकडे येत होती. तिला एकवीस वर्षें पुरीं होण्यास पांच दिवस उरले होते. या खेपेस तरी टपालाची अडचण नव्हती.