पाणलोटाच्या आकाराचे मोजमाप

ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी उताराने वाहत अखेर नदीवरील एकाच ठिकाणाहून बाहेर पडते, त्या भूभागाला पाणलोट क्षेत्र म्हणतात. क्षेत्रफळ सारखे असले तरी गोलसर पाणलोटातील ओढ्यांचे पाणी मुखाशी साधारण एकाच सुमारास पोचून पुराची उंची वाढवते, तर लांबट पाणलोटातील पाणी मागेपुढे येत राहिल्याने पूर ठेंगणा पण अधिक काळ टिकणारा होतो. आकार अंकात मांडण्याचे मोल या भेदात आहे.

जर्मन जलशास्त्रज्ञ ग्रावेलिउस यांनी १९१४ मध्ये पाणलोटाची परिमिती, म्हणजे भोवतालच्या जलविभाजक रेषेची लांबी, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाच्या परिघाशी ताडून पाहिली. वर्तुळासाठी हा गुणक १ येतो, चौरसासाठी सुमारे १.१३. अमेरिकी अभियंता रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३२ मध्ये परिमिती बाजूला ठेवून क्षेत्रफळाला पाणलोटाच्या लांबीच्या वर्गाने भागले व रूपगुणक दिला. पुढे १९५३ मध्ये मिलर यांनी वर्तुळाकारितेचे, तर १९५६ मध्ये शूम यांनी लांबटपणाचे गुणोत्तर मांडले. हे दोघेही कोलंबिया विद्यापीठातील आर्थर स्ट्रालर यांच्या परंपरेतले. १९५७ मध्ये चोर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तुळाऐवजी थेंबासारख्या वक्राचा, लेम्निस्केटच्या पाकळीचा, आदर्श घेतला, कारण पाणलोट मुखाकडे निमुळता होतो. निसर्गाशी सर्वांत जवळची कल्पना हीच होती.

मात्र बीजगणिताने पाहिले तर ही नावे पाच असली तरी मापे दोनच उरतात. मिलर यांचे गुणोत्तर म्हणजे ग्रावेलिउस यांच्या गुणकाच्या वर्गाचा व्यस्त. शूम यांचे गुणोत्तर हॉर्टन यांच्या रूपगुणकाच्या वर्गमुळाला सुमारे १.१३ ने गुणून मिळते, आणि त्याच्याच वर्गाचा व्यस्त म्हणजे चोर्ली यांचा अंक. त्यामुळे एकाच तक्त्यात पाचही अंक देणाऱ्या प्रबंधात माहिती दोन अंकांइतकीच असते.

या दोहोंतही परिमितीवर आधारलेले माप अधिक डळमळीत आहे. याकोब आम्सलर यांच्या १८५४ च्या ध्रुवीय प्लॅनिमीटरपासून नकाशावरील क्षेत्रफळ सीमारेषेवरून सुई फिरवून भरवशाने मोजता येऊ लागले, आणि नकाशा अधिक तपशीलवार झाला तरी ते फारसे बदलत नाही. जलविभाजक रेषा मात्र तपशील वाढेल तशी लांबत जाते. म्हणून वेगवेगळ्या प्रमाणांच्या नकाशांवरून काढलेले वर्तुळाकारितेचे अंक एकमेकांशी ताडू नयेत, आणि असा प्रत्येक अंक देताना नकाशाचे प्रमाण सोबत नोंदवावे.