मेल सर्व्हर, कंटेनरमधला (जावक)

स्वतःच्या डोमेनवरून ई-मेल बाहेर पाठवणारी, कंटेनरमध्ये चालणारी यंत्रणा. बहुधा डॉकरमध्ये पोस्टफिक्स बसवतात; वित्से व्हेनेमा यांचा हा प्रोग्राम 1998मध्ये खुला झाला.

पत्र निघणे सोपे, पोहोचणे अवघड. टपाल ज्यातून बाहेर जाते तो पोर्ट 25 अनेक क्लाउड कंपन्या बंद ठेवतात. आयपी पत्त्याची उलट डीएनएस नोंद, एसपीएफ आणि डीकेआयएम या प्रेषक-पडताळण्या नसतील, तर टपाल स्पॅममध्ये जाते किंवा नाकारले जाते. फेब्रुवारी 2024पासून जीमेल मोठ्या प्रेषकांकडून त्यांवर आधारलेली डीमार्क नोंदही मागते. कंटेनर पुसला की पाठवण्यासाठी रांगेत थांबलेली पत्रेही जातात. म्हणून रांग बाहेरच्या व्हॉल्यूमवरच ठेवावी.

मराठी माणसासाठी मोलाची बाब म्हणजे, 2015च्या आवृत्ती 3.0पासून पोस्टफिक्सला देवनागरी पत्तेही चालतात; .भारत डोमेन 2014पासून मिळते.

मात्र अनोळखी लोकांचे टपाल पुढे धाडेल, असा सर्व्हर कधीही उघडा ठेवू नये.